नितळ पाण्याची बाटली

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि वाटायची काही गरजही नाही. ज्याला निव्वळ खरंच हवं असेल त्याने या बाकावरून उठून वजनकाट्यावर उभं राहावं. इथे सांगायचंय ते जंतूंबद्दल. साधेसुधे जंतू नव्हेत. औषध समोर ठेवलं तर मरायचं सोडून त्याला लोडासारखं टेकून, पाय पसरून बसलेले जंतू. त्यातल्या एकाने म्हणे ढेकरही दिली होती. ती ढेकर फक्त आत्याने ऐकली, पण आत्याने ऐकलं म्हणजे सरकारी शिक्का बसला असं गावात समजत.

आत्या म्हणजे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची प्रमुख. खरी आत्या ती एकाच मुलीची, पण त्या मुलीने तिला इतक्या मोठ्या आवाजात आणि इतकी वर्षं हाक मारली की अख्खं गाव तिला आत्या म्हणू लागलं. तिच्या नाकाची कीर्ती मोठी. ग्लासातलं पाणी नुसतं हुंगून ती सांगायची की हे कुठल्या गल्लीतलं, कुठल्या नळाचं, आणि तो नळ बसवणाऱ्या प्लंबरने त्या दिवशी न्याहारीला काय खाल्लं होतं. प्लंबरांच्या बायका नवऱ्यांची चौकशी करायला तिच्याकडे येत असत. आत्या मात्र म्हणायची, नाक हा दारावरचा पहारेकरी, खरा न्याय आत प्लेटवर होतो.

तिची प्रयोगशाळा पाणीपुरवठ्याच्या इमारतीमागे, दोन खोल्यांची. पहिल्या खोलीत ओटा, बेसिन आणि बाटल्यांचं कपाट. दुसरीत जंतू उबवायचं कपाट, ज्याला सगळे इन्क्युबेटर म्हणत आणि जे दिवसभर म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरत असे. खिडकीतून मोठं तळं दिसायचं. ओट्यावर बोट फिरवून धूळ शोधायची असेल तर बोट आधी धुवून यावं लागे, इतका तिथे स्वच्छतेचा दरारा. आत्याला या दोन खोल्यांचा असा अभिमान होता जसा एखाद्याला राजवाड्याचा असतो. राजवाडेवाल्यांना निदान भिंतीतल्या ओलीची लाज वाटते, हिला तीही नव्हती. पाण्याच्या खात्यात ओल नसेल तर कुठे असेल, असं ती विचारायची.

अभिमान ही त्या घराण्याची आनुवंशिक लागणच होती. आत्याचा थोरला भाऊ, दादा, तळ्याच्या वरच्या अंगाला मासे वाढवायचा. डोंगरातून येणारा ओढा आधी त्याच्या सिमेंटच्या हौदांतून फिरायचा आणि मग खाली तळ्यात उतरायचा. दादाचे मासे कधी आजारी पडत नसत. दुसऱ्यांच्या हौदात मासे पोट वर करून तरंगायचे तेव्हा दादाचे मासे शेपट्या आपटत वजन वाढवत असत. त्यातला एक तर एवढा झाला होता की त्याला कूस बदलायची असली की आधी हौद रिकामा करावा लागे. दादाचं पाणी नितळ, तळाची फरशी मोजता येईल असं. दादा पाहुण्यांना घरात न्यायच्या आधी हौदावर न्यायचा.

आणि दादाची मुलगी. तिला बापाने लहानपणीच पाणकोंबडी नाव ठेवलं आणि ते शाळेच्या दाखल्यापर्यंत पोचता पोचता राहिलं. तळं पोहून ओलांडायच्या शर्यतीत ती गेल्या वर्षी दुसरी आली होती. या वर्षी तिचा पहिला नंबर गावाने परस्पर ठरवून टाकला होता. ती हात मारायला लागली की पाणी म्हणे स्वतःहून बाजूला सरायचं आणि ती पुढे गेल्यावर मागे हळूच मिटायचं. जिंकली तर मोठ्या संघाच्या निवडीचं बोलावणं पक्कं होतं. तिला पोहायला शिकवलं होतं आत्याने. याच तळ्यात, पोटाखाली हात धरून. आणि एके दिवशी हात काढून घेतला तेव्हा पोरीच्या ते लक्षातही आलं नाही. आत्याला आयुष्यात मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत ते एक खरं, असं ती मनातल्या मनात धरून होती. मोठ्याने कधी म्हणाली नाही, एवढीच काय ती तिची नम्रता.

शर्यतीला दोन आठवडे असताना पाणकोंबडीचे कोच लंगडत प्रयोगशाळेत आले. धक्क्याच्या लोखंडी पायरीला नडगी घासली होती, एवढंच. पण साधं खरचटणं महिनाभर ओलंच होतं. डॉक्टरांनी एक औषध दिलं, मग दुसरं, मग तिसरं. जखमेने तिन्ही औषधं पाहुण्यांसारखी बसवून घेतली आणि जागची हलली नाही. कोचांना आत्याकडून काही नको होतं, ते नुसते तक्रार करायला आले होते. कारण आत्याकडे चहा चांगला मिळायचा. आत्याने मात्र त्यांचा पाय स्टुलावर ठेवायला लावला, पट्टीला नाक न लावता दुरूनच वास घेतला आणि विचारलं की जखम झाल्यावर पाण्यात उतरलात का. कोच म्हणाले, ताई, पोरं पाण्यात असताना मी काय काठावरून शेळ्या हाकू?

कोच गेल्यावर चहाचा कप तसाच ठेवून आत्या बाटली घेऊन तळ्यावर गेली.

आता प्लेटवरचा न्याय कसा होतो ते समजून घ्यावं लागेल, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. काचेच्या उथळ बशीत खिरीसारखं काहीतरी घट्ट बसवलेलं असतं, ते जंतूंचं जेवण. त्यावर पाण्यातले जंतू पसरायचे. मग शर्टाच्या बटणाएवढ्या कागदाच्या चकत्या, प्रत्येकीत वेगळं औषध मुरवलेलं, चिमट्याने वर ठेवायच्या आणि प्लेट उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी जंतूंची दाट साय धरलेली असते, पण प्रत्येक चकतीभोवती एक स्वच्छ गोल मोकळा राहतो. औषधाने तेवढी जागा मारून साफ केलेली असते. जेवढा गोल मोठा तेवढा जंतू गरीब.

दुसऱ्या दिवशी आत्याने प्लेट उजेडात धरली. गोल नव्हते. एकाही चकतीभोवती नव्हते. साय चकतीच्या काठाला अशी भिडली होती जशी माणसं लग्नात जेवणाच्या टेबलाला भिडतात. एक-दोन ठिकाणी तर चकतीवर चढूनही बसली होती. ढेकर ऐकू आली ती याच वेळी.

आत्याचा तंत्रज्ञ गृहस्थ जुना, तिच्याइतकाच केस पिकलेला, आणि त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण सकाळी सूर्य उगवला तरी तो एकदा घड्याळ तपासून घ्यायचा. त्याने प्लेट बघितली आणि शांतपणे म्हणाला की मॅडम, चकत्या कोऱ्या असणार. डबी बदलली गेली असेल. आत्याला राग आला, कारण तिच्या ओट्यावर डबी बदलली जाणं म्हणजे राजवाड्यात राणी बदलली जाणं. पण शंका रास्त होती. म्हणून त्यांनी जावयाला बोलावलं.

जावई म्हणजे फ्रीजमध्ये पाळलेला एक जंतू. प्रत्येक प्रयोगशाळेत असा एक असतो, ज्याचं वागणं आधीपासून ठाऊक असतं. त्याला वेळेवर खायला घालायचं, थंडी-उष्णता सांभाळायची, नावं ठेवायची नाहीत, म्हणून त्याचं नाव जावई. चकत्या खऱ्या असतील तर जावई ठरल्याप्रमाणे मरतो. एवढ्या एका बाबतीत तो नावाला जागत नाही. तर त्याच डबीतल्या चकत्या जावयावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी जावई शिस्तीत मेला होता, चकत्यांभोवती पौर्णिमेसारखे गोल ठेवून. म्हणजे डबी खरी, औषध खरं. खोट होती ती तळ्याच्या पाण्यात.

शंकासुराची दुसरी शंका तयारच होती. सगळ्याच वाहत्या पाण्यात हल्ली असले जंतू असतील, तो म्हणाला. आपण कशाशी ताडून बघितलं? नितळ पाण्याची बाटली काढा.

ही नितळ पाण्याची बाटली या प्रयोगशाळेची खास रीत होती. कुठलंही पाणी वाईट ठरवायचं तर शेजारी चांगलं पाणी ठेवून तपासावं लागतं. आणि चांगलं पाणी आत्याने पहिल्यापासून एकाच जागेवरून आणलं होतं, दादाच्या शेवटच्या हौदाच्या तोंडाशी. यात तिचं काही चुकलं असं तिला वाटलं नव्हतं. जवळ होतं, ओळखीचं होतं, आणि काचेसारखं होतं. शिवाय सख्ख्या भावाच्या पाण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या? बाटलीवर चिठ्ठीही तिने स्वतःच्या अक्षरात लावलेली, ‘नितळ’.

नितळ पाण्याची प्लेट लावली. तीही तशीच निघाली. साय चकत्यांना भिडलेली, गोल नाहीत.

शंकासुराने हात झटकले. चांगलं पाणी असं आणि तळ्याचंही असंच, म्हणजे तळं चांगलं, त्याने हिशेब लावला. कोचांच्या पायाचं काय ते डॉक्टर बघतील. आत्यालाही, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं. तिच्या डोळ्यांसमोर पाणकोंबडी धक्क्यावर उभी होती, टोपी घातलेली, खांदे हलवत. त्या पोरीच्या पायाखालून पाणी काढून घ्यायला कुणाचा हात धजेल? ती दिवसभर गुणगुणत होती आणि संध्याकाळी दादाकडे जेवायला गेली.

दादा हौदावरच होता. त्याने तिला नेहमीसारखं ये चिमे म्हटलं. प्रयोगशाळेची प्रमुख झाली, केस पांढरे झाले, तरी भावासाठी ती चिमीच. तो माशांना खाणं टाकत होता. आधी एका घमेल्यात गोळ्या घेतल्या, मग पांढऱ्या पोत्यातून भांडंभर भुकटी काढून त्यात कालवली, आणि हात फिरवून पाण्यावर उधळली. मासे उसळले. पाणी क्षणभर उकळल्यासारखं झालं आणि पुन्हा आरसा.

आत्याने विचारलं, ही भुकटी कसली.

दादाने छाती फुगवली. हे तर त्याचं गुपित, पण बहिणीपासून काय लपवायचं? औषध, तो म्हणाला. माणसांनाही चालतं असं भारी. बाकीचे मूर्ख मासे आजारी पडल्यावर देतात, मी आजारी पडूच देत नाही. रोज थोडं थोडं. वर्षानुवर्षं. म्हणून तर हे पैलवान. आणि त्याने विजयाने तिच्याकडे बघितलं.

पुढे जेवण झालं. तिला काय वाढलं आणि तिने काय खाल्लं ते तिला विचारू नका. समोर पाणकोंबडी बसली होती, शर्यतीच्या दिवशी कुठल्या वळणावर जोर लावायचा ते ताटातल्या मीठ-लिंबाने दाखवत होती. आत्या हं हं म्हणत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जंतूंना रोज थोडं थोडं औषध चारलं तर जे मरायचे ते मरतात. उरतात ते निब्बर. त्यांची पोरं त्याहून निब्बर. दादाने हौदात पैलवान घडवले होते, ते मासे नव्हते. आणि या पैलवानांचं पाणी ती स्वतः इतकी वर्षं बाटलीत भरून, वर ‘नितळ’ लिहून, मापासारखं वापरत होती. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात. इथे वजनाचा दगडच काट्याला फसवत होता.

सकाळी ती नवी बाटली घेऊन दादाच्या हौदांच्याही वर गेली, जिथे ओढा खडकातून बाहेर पडतो. वाट निसरडी. ती तीनदा घसरली, आणि तिसऱ्यांदा म्हणे एवढी घसरली की खाली न येता वरच पोचली. तिथलं पाणी भरलं. प्रयोगशाळेत आल्यावर कपाटातली जुनी बाटली काढली, तिच्यावरची स्वतःच्या हाताची चिठ्ठी नखाने खरवडून टाकली आणि शंकासुराला म्हणाली की आपण आजपर्यंत चोराला साक्षीला उभं करत होतो.

ओढ्याच्या उगमाच्या प्लेटवर गोल आले. मोठे, स्वच्छ, एकमेकांना टेकलेले. शंकासुराने बराच वेळ प्लेट उलटीसुलटी करून बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही शंका सुचली नाही. मग त्यांनी दादाच्या प्रत्येक हौदाचं पाणी लावलं. वरच्या हौदापासून खालच्या हौदापर्यंत गोल आक्रसत गेले, आणि शेवटच्याला नाहीसेच झाले. इतकं सरळ उत्तर पाण्याने आजवर कुणाला दिलं नसेल. आत्याला अभिमान वाटला. तो वाटता वाटताच तिने प्लेटा पिशवीत भरल्या.

ती आधी दादाकडे गेली. बाहेरच्यांकडून कळण्याआधी घरात कळावं म्हणून. हौदाच्या कठड्यावर प्लेटा ओळीने मांडून तिने सगळं सांगितलं. कोचांच्या पायापासून सांगितलं, आणि बाटलीची स्वतःची चूकही सांगितली. दादाने एकही प्लेट हातात घेतली नाही. त्याचं म्हणणं असं की पाणी नितळ आहे हे आंधळ्यालाही दिसतं, दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेला दिसत नसेल तर चष्मा बदला. मग त्याला कळलं की शर्यतीच्या समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी आहे आणि ही तिथे बोलणार आहे. तेव्हा त्याचा आवाज खाली आला. दादाचा आवाज खाली आला की घरातले लोक चपला शोधत.

“गावात एवढी गटारं, एवढे दवाखाने, आणि तुला नाक घालायला भावाचंच घर सापडलं?”

“मी कुणाचं घर शोधत नव्हते, दादा. पाण्याचं बोट धरून वर वर येत गेले, तर तुझं दार आलं.”

“पोरीची शर्यत आहे.”

“पोरीला कातडी आहे, दादा. कोचांना आहे तशीच. उद्या तिला धक्क्याची पायरी लागली तर कुठलं औषध देणार आहेस? भारीतलं भारी तर तू माशांना घालून संपवलंस.”

दादा म्हणाला की समितीत तोंड उघडलंस तर या घराचा उंबरा तुला परका. हे तो ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. आत्याने प्लेटा एकावर एक रचल्या आणि निघाली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. हिने तर मासेवाल्याशीच केलं, आणि तोही सख्खा. दारात पाणकोंबडी उभी होती, पोहून आलेली, केसांतून पाणी गळत होतं. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता. आत्याने तिच्या कोपरावर, ढोपरांवर नजर फिरवली, कुठे खरचटलंय का ते बघत. आणि ती बघतेय हे पोरीने बघितलं.

बैठक नौकाक्लबच्या हॉलमध्ये भरदुपारी होती. भिंतीला टेकवलेली वल्ही, टकटक करणारा पंखा, टेबलावर चषक. चषक दादाने दिलेला, म्हणून दादा पहिल्या रांगेत, शेजारी पाणकोंबडी. कोच पाय लांब करून कडेला. अध्यक्ष मोठे विनोदी गृहस्थ. त्यांचा विनोद संपेपर्यंत दोन निवडणुका होऊन जात.

आत्या उभी राहिली आणि तिने सांगितलं की तळ्यात असे जंतू आहेत ज्यांच्यावर आपल्या डॉक्टरांकडची नेहमीची औषधं चालत नाहीत. पाणी प्यायला लागलं तर उकळता येतं, पण पोहणाऱ्याला उकळता येत नाही. नाकातोंडात, कानात, जखमेत पाणी जाणार. शर्यत या तळ्यात होऊ नये. शंकासुराने प्लेटा फिरवल्या. लोकांनी त्या हातात घेऊन, वास घेऊन, एकाने तर हलवून बघितल्या.

अध्यक्ष म्हणाले की आमच्या आजोबांनी हेच पाणी प्यायलं आणि ते नव्वदीपर्यंत जगले. आत्या म्हणाली की आजोबांच्या वेळचे जंतूही सज्जन होते. लोक हसले, म्हणून अध्यक्षांना राग आला. विनोद करायचा मान त्यांचा होता. त्यांनी चष्मा काढला आणि नेमका तोच प्रश्न विचारला जो कुणी विचारू नये असं ती रात्रभर मनात घोकत होती. असं जर आहे, तर हे येतंय कुठून? नुसतं बंद करा म्हणून कसं चालेल? बोट दाखवा.

आत्याला उत्तर येत होतं. एवढ्या वर्षांत तिने कुठल्याही पाण्याचं नाव सांगायला मागेपुढे पाहिलं नव्हतं. दवाखान्याचं, कारखान्याचं, एकदा तर खुद्द अध्यक्षांच्या विहिरीचं. आज ती समोरची प्लेट पुन्हा पुन्हा सरळ करत होती. ती श्वास घेऊन बोलणारच होती, आणि बोलली असती, यात कुणी शंका घेऊ नये, शंकासुरानेही घेतली नाही.

आणि तेवढ्यात काय व्हावं? दादा उठला.

पहिल्या रांगेतून, खुर्ची मागे सारून, छाती पुढे काढून दादा उठला. हॉलची उंची कमी पडली म्हणतात. “आमच्या हौदातून येतंय,” तो गरजला. “माझ्या बहिणीने शोधलं. दुसऱ्या कुणाच्या बापाला सापडलं नसतं.” खिडकीबाहेर तळ्यातले मासे उड्या मारून आत डोकावू लागले. प्लेटवरच्या जंतूंनी लाजून चकत्यांभोवती गोल मोकळे करून दिले. दादा तसाच चालत घरी गेला, पांढरी पोती खांद्यावर मारून प्रयोगशाळेच्या दारात आणून टाकली, आणि बहिणीला म्हणाला, चिमे, आता पुढे काय ते सांग.

मग पुढचं सगळं झालं. शर्यत त्या वर्षी तळ्यात झाली नाही. दादाने एकेक हौद रिकामा केला, तळ खरवडला, चुना मारला, उन्हात तापवला. मासे कमी ठेवले, दाटी मोडली, आणि आजारी पडेल त्यालाच, डॉक्टर सांगेल तेवढंच औषध, असा नियम घातला. ओढ्याचं पाणी खाली जाण्याआधी झाडंझुडपं लावलेल्या उथळ खाचरातून फिरवलं. दवाखान्यानेही आपल्या सांडपाण्याकडे बघितलं, कारण दादासारखा माणूस खाली वाकला म्हटल्यावर ताठ उभं राहणं त्यांना अवघड झालं. कोचांचा पाय मोठ्या दवाखान्यात, सुईच्या औषधाने, हळूहळू सुकला. आणि तळ्याच्या प्लेटवर एके दिवशी चकतीभोवती गोल आला. वाटाण्याएवढा. आत्याने तो शंकासुराला दाखवला, त्याने भिंगातून बघितला आणि मान्य केला. पाणकोंबडीचं त्या वर्षीचं बोलावणं हुकलं ते हुकलंच. पण तिने पुढच्या खेपेला तळं असं कापलं की पलीकडचा काठ स्वतःच दोन पावलं पुढे आला तिला घ्यायला. आज दादाच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी हौद दाखवत नाहीत. बहिणीची प्रयोगशाळा दाखवायला नेतात. आणि हे सगळं कशामुळे? तर त्या दुपारी एक बाप, एक भाऊ, भर सभेत छाती काढून उठला म्हणून.

“खोटं आहे.”

मागच्या बाकावरून आवाज आला. ही गोष्ट ऐकायला जमलेले सगळे वळले. दादाच होता. कधी येऊन बसला होता कुणास ठाऊक. हातातली काठी त्याने दोन पायांच्या मध्ये रोवली आणि गोष्ट सांगणाऱ्याकडे बघितलं.

“ए म्हाताऱ्या, मासे उडव, काठ चालव, मला काही म्हणायचं नाही. पण मी उठलो नव्हतो. मी मान खाली घालून चषकाकडे बघत बसलो होतो, चिमीने बोलू नये म्हणून. माझ्या शेजारची खुर्ची सरकली. ‘आमच्या हौदातून येतंय, आणि आत्या ते मला वाचवायला सांगतेय,’ हे पोरीने सांगितलं. शर्यत तिची होती. ती हातची गेली हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि तरी ती उठली. ते माझ्या नावावर खपवू नकोस.”